पोच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मंदी पायऱ्या मोजत उतरते. आधी ओव्हरटाइम जातो. मग रात्रपाळी. मग लोखंड वितळवणारी इंडक्शन भट्टी दिवसाआड लागू लागते, कारण टनामागे साडेपाचशे-साडेसहाशे युनिट वीज खाणारी भट्टी अर्ध्या मालासाठी तापवणे कुणाच्याच हिशोबात बसत नाही. मग ठेकेदाराची माणसे घटतात. सगळ्यात शेवटी मच्छे, देसूर, येळ्ळूर, किणये अशा गावांतून दुचाकीवर येणाऱ्या, साचे करणाऱ्या जुन्या मोल्डरला गेटवरच सांगितले जाते, "सध्या येऊ नको, ऑर्डर आली की फोन करतो."

त्या संध्याकाळी गावच्या कट्ट्यावर जो वाद रंगतो तो दर मंदीत तोच असतो. एकजण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरायला नकोत काय? हप्त्यावर गाडी घेतली, लग्नात मंडप दोन दिवसांचा घातला, आता सरकारच्या नावानं बोटं मोडून काय उपयोग? दुसरा म्हणतो, वीज महाग करायला आणि जीएसटीची नोटीस काढायला सरकार हजर, मग भट्टी विझल्यावर कुठं जातंय? दोघांचेही खरे असते, म्हणून वाद मिटत नाही. पण दोघांच्याही हातात तारीख नसते. कोण कधी काय म्हणाले आणि ते कुणी लिहून घेतले, हे दोघांनाही सांगता येत नाही. माणसाची जबाबदारी कुठे संपते आणि सरकारची कुठे सुरू होते, ती रेघ स्वभावाच्या चर्चेत कितीही शोधली तरी सापडायची नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर जो गोल शिक्का पडतो, त्याच्या आत ती असते. आपण त्याला पोच म्हणतो.

आता तो गेटवरचा "फोन करतो" घ्या. कायद्याला हे वाक्य कळत नाही. त्याला कळतात दोन गोष्टी: ले-ऑफ आणि कपात. ले-ऑफ म्हणजे नोकरी शाबूत, काम तात्पुरते बंद. कारखान्यात ५० किंवा अधिक कामगार असतील आणि वर्षभराची सलग सेवा झाली असेल, तर ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मे पैसे मिळतात. मात्र त्यात एक अट दडलेली आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. ले-ऑफ असताना कामगाराने दिवसातून एकदा, कामाच्या वेळेत, गेटवर हजेरी लावायला हवी. जो "फोन करतो" ऐकून घरी बसला, त्याने आपल्याच हाताने भरपाईवर पाणी सोडले. मालकाने हे मुद्दाम केले असे दर वेळी नसते. त्यालाही ही अट ठाऊक नसते. पण परिणाम तोच.

कपात म्हणजे कामावरून कायमचे कमी करणे. वर्षात २४० दिवस भरले असतील तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेतही हा १५ दिवसांचा हिशोब राहिला आहे. तो बुडतो कुठे? "हिशोब करून घे, इथं सही कर" या टेबलावर. पुढे सरकवलेला कागद कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतो आणि तो राजीनामा असतो. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला कपातीची भरपाई नाही. ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी बुडत नाही. दहा किंवा अधिक माणसांचा कारखाना, पाच वर्षे सेवा, एवढे पुरे. शेवटचा मूळ पगार आणि भत्ता १८,००० असेल तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षे. आठ वर्षांचे साधारण ८३,००० होतात. हा हिशोब घरच्या पोराला कॅल्क्युलेटरवर एका मिनिटात जमतो. सही करण्याआधी ते मिनिट घेणे ही माणसाची जबाबदारी. कन्नड न वाचता येणाऱ्या माणसाची कन्नड कागदावर सही चालवून घेणे हे मात्र कामगार खात्याचे पाप. ते कट्ट्यावरच्या पहिल्या माणसाच्या पदरात टाकता येणार नाही.

ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, तसेच. पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के कापले जातात. १८,००० वर १३५ रुपये आणि ५८५ रुपये. लोक याला दवाखान्याचे पैसे समजतात. पण त्याच पैशावर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना चालते. नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या पगाराच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदा. रोजचे ६०० धरले तर ३०० गुणिले ९०, म्हणजे २७,००० रुपये. अट अशी की, किमान दोन वर्षे विम्याखाली नोकरी हवी आणि वर्गणीचे दिवस भरलेले हवेत. २०१८ साली सुरू झालेली ही योजना मुदतवाढीवर मुदतवाढ घेत चालली आहे, म्हणून अर्जाआधी चालू मुदत विचारून घ्यावी.

इथे घोळ दोन. पहिला ठेकेदाराचा. दर वर्षी ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार जुना विमा क्रमांक विचारतच नाही, नवा काढून टाकतो. कामगार त्याच भट्टीसमोर सहा वर्षे उभा असतो. कागदावर मात्र तो सहा निरनिराळे नवशिके कामगार असतो. दोन वर्षांची अट कुठल्याच क्रमांकावर भरत नाही. दुसरा घोळ नावाचा, आणि हा खास आपल्या भागातला. मराठी नाव, ते शिधापत्रिकेवर कन्नड लिपीत, तिथून आधारवर इंग्रजीत, बँकेत आणखी कुणीतरी उच्चारून लिहिलेले. चव्हाणांचे तीन कागदांवर तीन अवतार होतात, कल्लाप्पाचा एक 'ल' गळतो, बापाचे नाव मधे येते किंवा येत नाही. संगणकाला चुलत-मावस कळत नाही, अक्षर जुळले नाही की दावा परत. ही दुरुस्ती नोकरी असताना करावी, कारण पीएफच्या नोंदीत मोठा बदल करायला मालकाची मंजुरी लागू शकते, आणि बंद पडलेल्या कारखान्याचा मालक फोन उचलत नाही. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला ती स्वतः भरता येते, एवढा दिलासा आहे. उमंग ॲपवर पीएफचे पासबुक महिन्यातून एकदा उघडावे. पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत, हे तिसऱ्या महिन्यात कळणे आणि तिसऱ्या वर्षी कळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ठेकेदाराने बुडवले तर मूळ मालक जबाबदार, हेही लक्षात असू द्यावे; गेटवर "तो ठेकेदाराचा माणूस" म्हणून हात झटकणे कायद्यात बसत नाही.

गेटच्या आतल्या माणसाची गंमत वेगळी. तीन लेथ, एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे कटाई यंत्र) आणि घराच्या कागदांवर काढलेले कर्ज असा जो छोटा जॉबवर्कवाला आहे, त्याला कट्ट्यावर कुणी गरीब म्हणत नाही. पण मंदीत पहिला गळा त्याचा आवळला जातो. मोठे गिऱ्हाईक माल उचलते आणि पैसे १२० दिवसांनी देते. हेस्कॉमचे बिल मात्र पंधरवड्यात हवे, आणि उच्चदाबाची जोडणी असेल तर मंजूर मागणीवरचा ठरीव आकार यंत्रे झाकून ठेवली तरी चालू राहतो. मागणी कमी करून घ्यायचा अर्ज मंदीच्या पहिल्या महिन्यात करायचा असतो. लोक तो सहाव्या महिन्यात, थकबाकी चढल्यावर घेऊन जातात, आणि मग आधी थकबाकी भरा म्हणतात.

२००६ च्या लघुउद्योग कायद्याने या माणसाच्या हातात चांगले हत्यार दिलेले आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दावा सरकारी पोर्टलवर ऑनलाइन दाखल होतो. निकालाविरुद्ध अपिलात जायचे तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. आयकराच्या नव्या तरतुदीने सूक्ष्म आणि लघू पुरवठादारांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही, म्हणून मार्चअखेरीस काही गिऱ्हाइकांना एकाएकी कंठ फुटतो. पण उद्यम नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी. नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलांना उपयोगाची नाही. बिलावर तो क्रमांक छापलेला हवा आणि चलनाच्या दुसऱ्या प्रतीवर माल मिळाल्याची सही, शिक्का आणि तारीख हवी. पुन्हा पोच! उद्यमबागेत चलनावर नुसती वॉचमनची किडामिडी सही घेऊन परतणारे टेंपो रोज दिसतात, आणि पुढे दावा त्याच सहीवर अडतो.

हे सगळे करूनही एक गोष्ट कायदा देऊ शकत नाही, ती म्हणजे दुसरे गिऱ्हाईक. ज्याचे एकच गिऱ्हाईक आहे तो दावा ठोकून खाणार काय? तिथे स्वतःच्या जबाबदारीचे व्याख्यान देणाऱ्याने जरा दमाने घ्यावे. बँकेच्या बाबतीत मात्र बहाणा चालत नाही. हप्ता ३० दिवस थकला की खाते एका यादीत, ६० ला दुसऱ्या आणि ९० ला बुडीत. पुनर्रचनेचे बोलणे पहिल्या ६० दिवसांत, लेखी, ऑर्डर घटल्याच्या पुराव्यासह व्हायला हवे. ९० उलटल्यावर मॅनेजरची इच्छा असली तरी त्याचे हात बांधलेले असतात. आणि घरावर चिकटलेली ६० दिवसांची नोटीस फाडून फेकण्यापेक्षा तिला लेखी हरकत द्यावी. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावेच लागते.

शहापूर, वडगाव, खासबागेतल्या मागवाल्यांना तर गेटच नाही. माग घरात, सुताचा बीम सावकाराचा, मजुरी साडीवर. हजेरीपट नाही, म्हणून ले-ऑफ नाही, ईएसआय नाही. माग थांबला की नुसता आवाज थांबतो, आणि तो आवाज थांबल्याची नोंद करणारे रजिस्टर कुठल्याच कचेरीत नाही.

खेड्यात परत जाऊ. पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगडात सरकारी मजुरीच्या कामाला रोजगार हमी म्हणतात, अलीकडे खानापुरात उद्योग खात्री. कायदा २००५ चा, काम तेच, फक्त इकडे मुकादमाला कायक बंधू म्हणतात. भट्टी बंद झालेला मोल्डर कुदळ घ्यायला लाजतो, त्याची बायको लाजत नाही, हे जाता जाता. कामाची मागणी नमुना ६ वर करायची आणि तारखेची पावती घ्यायची. त्या तारखेपासून १५ दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता सुरू होतो: पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव, पुढे निम्मा. कर्नाटकात २०२५-२६ ची मजुरी ३७० रुपये होती, म्हणजे पाव भाग ९२ रुपये ५० पैसे. रक्कम फार नाही. पण हा भत्ता राज्य सरकारच्या खिशातून जातो, आणि इथेच सगळी मेख आहे. २००५ च्या कायद्यात मजुरी केंद्राची, भत्ता राज्याचा; मग तारखेची पावती द्यायला पंचायतीत कुणाचा हात वळेल? "सध्या कामं नाहीत, निघाली की सांगतो." उद्यमबागेतला "फोन करतो" आणि पंचायतीतला "सांगतो" एकाच आईची लेकरे. पावती नसली की मागणी झालीच नाही, मागणी झाली नाही की भत्ता नाही, आणि वर्षअखेरीस अहवालात लिहिले जाते की, या गावात कामाला मागणी नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ केले आणि खर्चाचा ४० टक्के भार बहुतेक राज्यांवर टाकला. दिवस वाढले हे ऐकायला बरे वाटते. पण ज्याच्या खिशातून जास्त जाणार, त्याचा पावतीवरचा हात आणखी जड होणार, असा आमचा अंदाज.

कर्नाटकातल्या खेड्यांतून एके काळी दारावर 'नाळे बा' लिहीत. नाळे बा म्हणजे उद्या ये. रात्री भूत दारात यायचे, वाचायचे, आणि उद्या येईन म्हणून परत जायचे. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. भुताला तारीख लिहून घ्यायची अक्कल नव्हती. कचेऱ्यांनी ती पाटी आत नेली, एवढेच.

कागद भाषेवर अडवला जातो तेव्हा काय करायचे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. म्हणजे मराठी अर्ज नाकारता येत नाही. पण हक्क एक आणि काम होणे दुसरे. शहाणा माणूस मराठी अर्ज वर ठेवतो आणि खाली कन्नड प्रत जोडतो. मान तुकवायची म्हणून हे करायचे नसते. "मला वाचता येत नाही" ही पळवाट बुजवायची म्हणून करायचे. पीडीओंसमोर, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यासमोर, तासभर बसण्यापेक्षा टपाल विभागात जावे, आणि पोच म्हटलेले कळले नाही तर "स्वीकृती" म्हणावे. त्या शब्दाला कन्नड कारकून चटकन मान वर करतो. तरीही घेत नसतील तर नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोच मागून. राज्य सरकारच्या १९०२ या तक्रारीच्या फोनवर तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो. कर्नाटकाच्या 'सकाल' या सेवा हमी कायद्याखालच्या सेवा असतील तर १५ आकडी क्रमांकाची पावती, आणि उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई. मोठी रक्कम नव्हे, पण ती उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होऊ शकते, म्हणून तिला वजन आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत, ३० दिवसांत उत्तर. कर्नाटकात मात्र विषय एकच आणि शब्द १५० च्या आत. आपली माणसे पहिल्या १०० शब्दांत १९५६ पासूनचा अन्याय लिहितात आणि रस्त्याच्या बिलाचा प्रश्न पान उलटल्यावर येतो. अर्ज परत.

१९५६ चा अन्याय खोटा आहे असे कुणी म्हणत नाही. १ नोव्हेंबरला काळा दिन पाळणाऱ्यांच्या मनातली जळजळ खरी आहे, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. पण त्या जळजळीच्या आडोशाला दोन्हीकडची सरकारे निवांत बसली आहेत, हेही खरे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकाने त्याला हरकत घेतली, दोन्हीकडे मथळे झळकले. इथल्या फौंड्रीतल्या किती ठेकेदारांनी पीएफ भरला नाही, हा प्रश्न मुंबईत कुणी विचारत नाही आणि बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधच्या हिवाळी अधिवेशनातही त्याला फारसा वेळ मिळत नाही. पाटी कुठल्या भाषेत असावी याचा जाब द्यायला दोन सरकारे धावतात. पगाराच्या पावतीचा जाब द्यायला एकही नाही. आणि आपणही कमी नाही. साधी पावती मागायचा कंटाळा आला की "मराठी म्हणून अडवलं" म्हणणे सोपे पडते. कधी ते खरे असते. कधी त्याच रांगेतला कन्नड शेतकरीही तसाच रिकाम्या हाताने परतलेला असतो.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांच्या खात्यावरचे महिना २,००० आणि शक्ती योजनेचे एसटीचे शून्य तिकीट यांबद्दल मोठ्या घरांतून नाके मुरडली जातात. मंदीत त्या २,००० वरच घरातले तेल-मीठ निघते. ते हप्ते मागेपुढे होतात तेव्हा कुठल्या महिन्याचा आला आणि कुठला राहिला हे पासबुकात खूण करून ठेवावे, एवढेच.

जबाबदारी पूर्णपणे आपल्या पदरात पडते ती पैसा ठेवण्याच्या जागी. बेळगाव जिल्ह्यात गल्लीला एक पतसंस्था, सौहार्द सहकारी नाहीतर मल्टिस्टेट. मालकीण ओळखीची, पिग्मीवाला भाचा, व्याज बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त. बँक बुडाली, अगदी सहकारी बँक असली तरी, व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेव विम्यात आहे. पतसंस्था आणि सौहार्द सहकारीला तो विमा नाही. पाटीवर 'बँक' लिहिलेले आहे की 'सहकारी नियमित' (म्हणजे मर्यादित) हे वाचायला कन्नड अक्षरओळख पुरते. ग्रॅच्युइटीचे ८३,००० सगळेच्या सगळे तिथे नेऊन ठेवणाऱ्याला सरकारने वाचवावे, ही मागणी न्याय्य वाटली तरी वसुली कासवाच्या पायाने होते. दर वर्षी लेखापरीक्षण व्हायचे असते, त्यावर लक्ष ठेवणे हा निबंधकाचा भाग. आपला भाग तो अहवाल सभासद म्हणून सभेत मागणे. जिलेबी-फरसाण घेऊन घरी येणे म्हणजे सभा नव्हे.

फायनान्सच्या गटकर्जाचेही नियम लेखी आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. १५,००० च्या घरात ७,५०० ही हद्द. चौथे कर्ज तिसऱ्याचा हप्ता भरायला घेतले जाते तेव्हा देणारा आणि घेणारी दोघेही ही हद्द जाणूनबुजून विसरतात. वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. दारात येऊन ओरडणाऱ्याला पोलिसांत न्यायचे तर तक्रारीची प्रत हवी. ठाण्यातही तोंडी सांगून परत येऊ नये.

हे कागद ठेवायचे कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, तो नाही. दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारी बटणाची प्लास्टिक फाइल घ्यावी. पगाराच्या पावत्या, पीएफचे पासबुक, विमा क्रमांक, चलने, नमुना ६ ची पावती, 'सकाल'चा क्रमांक, सगळे तारखेने लावावे. सुपरवायझरचा "येऊ नको" निरोप व्हॉट्सॲपवर आला असेल तर त्याचा फोटो काढून, तोंडी आला असेल तर त्याच दिवशी आपणच "आज गेटवरून परत पाठवले" असा निरोप त्याला पाठवून नोंद ठेवावी. उत्तर आले नाही तरी निरोप पोचल्याच्या दोन खुणा पडतात. आणि पावती जर चकचकीत थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स मारावी. बेळगावच्या पावसाळ्यात, भिंतीतल्या कपाटात, त्या कागदावरची अक्षरे सहा महिन्यांत उडून जातात. आधी तारीख पुसट होते.